दिशा हरवल्या, अंतरं उरली

एक मिलिग्रॅम सोन्याची पावडर घ्या. चिमटीतसुद्धा जाणवणार नाही इतकी. तिचा प्रत्येक कण दोन नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच लाखाव्या भागाएवढा, आहे असं धरू. अशा एका कणात सोन्याचे जेमतेम अडीचशे अणू मावतात. आणि त्या मिलिग्रॅमभर पावडरीत असे कण किती? हिशेब केला तर एकावर सोळा शून्यं येतात. एक कोटी अब्ज. ते सगळे कसेही पडलेले आहेत, कुणी आडवा, कुणी उभा, कुणी तिरका. या अफाट गर्दीवर क्ष-किरणांची शलाका सोडायची, पलीकडे कुठल्या कोनात किती किरण विखुरले ते मोजायचं. हाती येते एक चढउतारांची रेषा. आणि त्या एका रेषेवरून सांगता येतं की कणातले शेजारी अणू एकमेकांपासून ०.२८८ नॅनोमीटरवर आहेत, कण केवढा आहे, आणि आत अणूंची मांडणी कुठल्या घाटाची आहे. यातल्या कुठल्याही एका कणाकडे कुणी वेगळं पाहिलेलं नसतं.

साध्या प्रकाशाने हे काम होत नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर. आपल्या कणाच्या शेकडो पट. क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र अणूंमधल्या अंतराच्या जवळपास असते. प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या क्ष-किरण नळीतून निघणारा नेहमीचा किरण ०.१५४ नॅनोमीटरचा. अणूअणूंवरून विखुरलेल्या त्याच्या लाटा एकमेकींत मिसळतात. कुठे त्या एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. यालाच विवर्तन म्हणतात. म्युनिकमध्ये १९१२ साली माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या फोटोपट्टीवर ठिपके उमटले. त्याच वर्षी बावीस वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने या ठिपक्यांचा सोपा अर्थ लावला: स्फटिकात अणूंची समांतर प्रतलं असतात, आणि लागोपाठच्या प्रतलांवरून परतणाऱ्या लाटा विशिष्ट कोनातच सुरात येतात. कोन मोजा, प्रतलांमधलं अंतर मिळेल. वडील विल्यम ब्रॅग यांच्यासह त्याला १९१५ साली नोबेल मिळालं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

ब्रॅगच्या वाटेने जायचं तर एकसंध, बरा मोठा स्फटिक लागतो. निसर्गात आणि कारखान्यात बहुतेक पदार्थ तसे मिळत नाहीत. ते भुकटीच्या रूपात येतात. भुकटीचं कोडं सुटलं ते ग्यॉटिंगेनमध्ये, आणि तेही दुसऱ्याच गोष्टीचा शोध घेताना. पीटर डिबाय आणि त्यांचा तरुण स्विस सहकारी पाउल शेरर यांना अणूच्या आतली इलेक्ट्रॉनांची मांडणी पाहायची होती. ती नियमित असेल तर अस्ताव्यस्त पडलेल्या अणूंमधूनही तिची खूण उमटेल, असा त्यांचा अंदाज होता. लिथियम फ्लोराइडची पावडर त्यांनी शलाकेसमोर धरली आणि फिल्मवर धारदार रेषा उमटल्या. त्या इलेक्ट्रॉनांच्या नव्हत्या. पावडरीचा कणन् कण स्वतः एक इवलासा स्फटिक होता, आणि लाखो कणांपैकी काही ना काही नेमके ब्रॅगच्या कोनात पडलेले असणारच होते. हे १९१६ साली प्रसिद्ध झालं. महायुद्धामुळे युरोपातल्या बातम्या पोचत नव्हत्या त्या काळात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हल हाच मार्ग स्वतंत्रपणे शोधून काढत होते. आज रसायनशास्त्राचा किंवा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी ‘सँपल एक्सआरडीला दिलंय’ असं म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी याच पद्धतीचं नाव असतं.

दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, शेररनी ही पद्धत सोन्याच्या कलिलावर वापरली. कलिल म्हणजे द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण. सोन्याचे असे कण पाण्याला माणकासारखा लाल रंग देतात. त्यांच्यावर ग्यॉटिंगेनमध्येच रिखार्ड झिगमोंडी आयुष्यभराचं काम करत होते. शेररना रेषा सोन्याच्याच जागी मिळाल्या, पण पसरट.

या पसरटपणाचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. ब्रॅगच्या नेमक्या कोनात सगळ्या प्रतलांच्या लाटा सुरात असतात. कोन किंचित चुकवला, तर दुसऱ्या प्रतलाची लाट पहिलीपेक्षा थोडी मागे पडते, तिसरी आणखी थोडी. असं होत होत पाचशेव्या किंवा हजाराव्या प्रतलाची लाट पहिलीच्या बरोबर उलटी येते आणि दोघी एकमेकींना पुसतात. मोठ्या स्फटिकात प्रत्येक लाटेला पुसणारी जोडीदारीण खोल कुठेतरी सापडतेच, म्हणून नेमका कोन सोडला की सारं शांत होतं आणि रेषा धारदार उमटते. आता स्फटिकात प्रतलंच आठ-नऊ असली तर? पुसायला यायचं ते प्रतल अस्तित्वातच नाही. कोन चुकला तरी किरण उरतात, आणि रेषा पसरते. जितका कण लहान तितका पसारा मोठा. शेररनी हे नातं सूत्रात बांधलं आणि रेषेची रुंदी मोजून कणाचा आकार सांगायची सोय झाली. तांब्याच्या किरणाने सोन्याची पहिली मोठी रेषा ३८ अंशांवर दिसते. शंभर नॅनोमीटरच्या कणात तिची रुंदी अंशाच्या दहाव्या भागाहून कमी असते, पाच नॅनोमीटरच्या कणात पावणेदोन अंश, आणि दोन नॅनोमीटरच्या कणात चार अंशांच्या वर.

शेररना आणखी एक गोष्ट दिसली: त्या कणांच्या आतली मांडणी नेहमीच्या सोन्यासारखीच होती. त्या आकाराच्या कणांसाठी ते खरं होतं. पण त्यातून एक समजूत बळावली, की नॅनोस्फटिक म्हणजे मोठ्या स्फटिकाचाच बारीक तुकडा. दोन-तीन नॅनोमीटरच्या प्रांतात शिरलं की ही समजूत तुटते.

कारण पृष्ठभाग. मध्ये एक अणू आणि त्याभोवती थरामागून थर अशी रचना केली तर १३, ५५, १४७, ३०९ असे अणू लागत जातात. ३०९ अणूंचा कण सुमारे दोन नॅनोमीटरचा. त्यातले १६२ अणू सगळ्यात बाहेरच्या थरावर असतात. अर्ध्याहून अधिक प्रजा सीमेवर, आणि सीमेवरच्या अणूला एका बाजूला शेजारीच नाहीत. असा अणू आत ओढला जातो, कडेला सरकतो, बाहेरच्या एखाद्या रेणूला धरतो. त्याची हालचाल आतल्या अणूंपर्यंत पोचते. शिवाय याच आकड्यांचे अणू दोन वेगळ्या घाटांत बसू शकतात. एक घाट नेहमीच्या सोन्याच्या जाळीतून कापून काढता येतो. दुसरा वीस त्रिकोणी बाजूंचा, पाच-पाच बाजूंच्या सममितीचा. तो एकावर एक रचून अवकाश भरता येत नाही, त्यामुळे मोठ्या स्फटिकात तो कधीच आढळणार नाही. इवल्या कणाला मात्र अवकाश भरायचंच नसतं.

आणि नेमकी इथेच जुनी पद्धत थकते. सोन्याची पहिली रेषा ३८ अंशांवर, दुसरी ४४ वर. दोन्ही चार-चार अंश पसरल्या की एकमेकींत मिसळून जातात. प्रतलं मोजण्याच्या ब्रॅगच्या विचारालाही अर्थ उरत नाही, कारण लाखो वेळा होणारी पुनरावृत्ती हाच त्याचा पाया होता. ह्यूगो रीटव्हेल्ट यांनी १९६०च्या दशकात नेदरलँड्समध्ये संपूर्ण पावडर-आलेखावर रचना बसवण्याची अप्रतिम पद्धत दिली, हजारो पदार्थांच्या रचना तिने सुटल्या. पण तिलाही पुनरावृत्ती गृहीत धरावी लागते. अडीचशे अणूंच्या कणापुढे तीही थबकते.

वाट निघाली ती पावडर पद्धतीच्याही आधीच्या एका सूत्रातून. डिबाय यांनी १९१५ साली एक साधा प्रश्न विचारला होता: अणूंचा एखादा समूह सगळ्या दिशांना सारखाच फिरवला, तर त्यातून विखुरणारे किरण कशावर अवलंबून राहतील? गणिताने उत्तर दिलं, फक्त अणूअणूंमधल्या अंतरांवर. दिशा सरासरीत नाहीशा होतात. प्रत्येक जोडी आपल्या अंतरानुसार एक विरत जाणारी लाट आलेखात घालते, आणि अशा सगळ्या लाटांची बेरीज म्हणजे दिसणारी रेषा. इथे स्फटिक असण्याची अट नाही, पुनरावृत्तीची गरज नाही. ३०९ अणूंच्या कणात ४७,५८६ जोड्या होतात. डिबायच्या काळात ही बेरीज हाताने करणं अशक्य होतं. आजचा लॅपटॉप ती सहज करतो. पावडरीत दिशा हरवतात हे खरं, पण अंतरं एकही हरवत नाही. रेषांच्या खाली पसरलेला जो धूसर भाग पूर्वी पार्श्वभूमी म्हणून वजा केला जाई, त्यातही ती अंतरं लिहिलेली असतात.

मग उलटा प्रवास करता येईल का? विखुरलेल्या किरणांवरून अंतरांची यादी? फ्रिट्स झेर्निके आणि प्रिन्स यांनी १९२७ साली त्यासाठीचं गणित मांडलं. डिबाय आणि मेंके यांनी ते द्रवरूप पाऱ्यावर वापरलं, एमआयटीतल्या बर्ट्राम वॉरन यांनी काचेवर. म्हणजे जिथे नियमितपणाच नाही अशा पदार्थांसाठी घडलेलं हत्यार पुढे नॅनोस्फटिकांच्या कामी आलं. तकेशी एगामी आणि सायमन बिलिंज यांनी ते धारदार केलं. विखुरलेल्या किरणांच्या मापनावर फूरिए रूपांतर, म्हणजे मिसळलेल्या लाटा सुट्या करणारं गणित, चालवलं की एक नवा आलेख मिळतो. त्याच्या आडव्या अक्षावर कोनाऐवजी थेट नॅनोमीटर असतात. ज्या अंतरावर अणूंच्या जोड्या जास्त, तिथे शिखर. सोन्याचं पहिलं शिखर ०.२८८ वर, पुढचं ०.४०८ वर, त्यापुढचं ०.५ च्या आसपास. शिखराची जागा नॅनोमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येते. शिखराखालचं क्षेत्रफळ शेजाऱ्यांची संख्या सांगतं, रुंदी त्यांची थरथर आणि त्यांचं विस्कटणं सांगते. आणि कणाच्या व्यासापाशी आलं की आलेख सपाट होतो, कारण त्याहून दूर असलेली जोडी त्या कणात नाहीच.

हे सगळं नीट दिसायला किरण फार लहान तरंगलांबीचे आणि फार प्रखर लागतात. ते मिळतात सिंक्रोट्रॉनमध्ये, जिथे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वर्तुळात फिरणारे इलेक्ट्रॉन वळणावर क्ष-किरण फेकतात. फ्रान्समधलं ग्रनोबल, जर्मनीतलं हांबुर्ग, अमेरिकेतल्या आर्गॉन आणि ब्रुकहेवन इथली यंत्रं या कामाची मोठी ठाणी आहेत. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ वर पावडर विवर्तन होतं. पूर्वी एका मापनाला तासन् तास लागत. २००३ च्या सुमारास मोठे सपाट शोधक वापरात आले आणि तेच काम सेकंदांवर आलं.

तेरा अणूंचं उदाहरण घेऊन अंतरांची ही यादी घाट कसा ओळखते ते पाहू. मध्यभागी एक, भोवती बारा. एकूण जोड्या ७८. मध्यापासून बाहेरच्या अणूचं अंतर १ धरू. नेहमीच्या सोन्याच्या घाटात ३६ जोड्या १ अंतरावर येतात, १२ जोड्या १.४१ वर, २४ जोड्या १.७३ वर, ६ जोड्या २ वर. वीस बाजूंच्या घाटात १ अंतरावर फक्त १२ जोड्या, ३० जोड्या १.०५ वर, ३० जोड्या १.७० वर, ६ जोड्या २ वर. तेच तेरा अणू, त्याच ७८ जोड्या. पण दुसऱ्या यादीत १.४१ हे अंतर औषधालाही नाही. आलेखात त्या जागी शिखर आहे की नाही एवढं पाहिलं तरी घाट कळतो.

अंतरांच्या यादीवरून रचना उभी करणं म्हणजे काय, याची कल्पना एसटी स्टँडवरच्या अंतरांच्या फलकावरून यावी. समजा तालुक्यातल्या प्रत्येक गावापासून प्रत्येक गावाचं अंतर त्यावर लिहिलेलं आहे, पण गावांची नावं पुसली गेली आहेत. नुसते आकडे उरलेत. त्यांवरून नकाशा काढायचा. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या पाव्होल युहास, बिलिंज आणि सहकाऱ्यांनी २००६ साली असा नकाशा काढून दाखवला. कार्बनच्या साठ अणूंचा पोकळ गोल रेणू, सी-६०. त्यातल्या १,७७० जोड्यांची अंतरं विवर्तनातून आलेली, आणि रचनेबद्दल आधी काही गृहीत धरलेलं नाही. त्यांच्या एका आज्ञावलीचं नाव ‘लीगा’. फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत चांगला संघ वरच्या गटात चढतो आणि वाईट खाली उतरतो, तसे अर्धवट रचलेले अणुसमूह तिने चढवले-उतरवले. शेवटी पडद्यावर तो गोल उभा राहिला.

पण फलकावरचे आकडे नेहमी एकच नकाशा सांगतात असं नाही. एका सरळ रस्त्यावर सहा गावं ०, १, ४, १०, १२ आणि १७ किलोमीटरवर आहेत. दुसऱ्या रस्त्यावर सहा गावं ०, १, ८, ११, १३ आणि १७ वर. कागद घेऊन दोन्हीकडच्या पंधरा-पंधरा जोड्यांची अंतरं काढा: १ ते १३ पर्यंतचा प्रत्येक आकडा, आणि १६ व १७. दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या, रस्ते मात्र वेगळे. खऱ्या पावडरीत तर शिखरं एकमेकांवर चढलेली असतात आणि कणही सगळे एकाच मापाचे नसतात. त्यामुळे या क्षेत्रातली माणसं एका आलेखावर विसंबत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं, रासायनिक विश्लेषण, ऊर्जेची गणितं यांच्यासमोर ती रचना उभी करतात, आणि सगळ्या साक्षी जुळल्या तरच मान्य करतात. बिलिंज आणि इगोर लेव्हिन यांनी २००७ मध्ये या आव्हानाला नॅनोरचनेचा प्रश्न म्हणून जगापुढे मांडलं.

या चिकाटीने काय हाती लागतं? सोन्याचे बरोबर १४४ अणू आणि त्यांभोवती गंधकयुक्त रेणूंचं कवच असलेला एक कण रसायनशास्त्रात प्रसिद्ध आहे. अणूंची संख्या ठरलेली, म्हणजे रचनाही एकच असणार असं वाटावं. किर्स्टन येन्सन, बिलिंज आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली अंतरांचे आलेख तपासले तेव्हा त्याच कणाची दोन रूपं निघाली. एकाचा गाभा वीस बाजूंच्या घाटाचा, दुसऱ्याचा दहा बाजूंच्या.

झिंक सल्फाइडची कथा तर मला सगळ्यात थक्क करते, आणि तिचा एक धागा पुण्यातून जातो. पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जेव्हा नॅनोकणांवर काम सुरू केलं तेव्हा हा विषय देशात नवा होता. झिंक सल्फाइडचे अवघे १.४ नॅनोमीटरचे, सगळे एका मापाचे कण त्यांनी मर्कॅप्टोइथेनॉल या रेणूचं कवच देऊन टिकवले, आणि त्यांची रचना व स्थैर्य यांवरचा निबंध जर्मन सहकाऱ्यासह २००० साली प्रसिद्ध केला. कवच नसेल तर इतके लहान कण एकमेकांना चिकटून वाढत जातात.

कवच, किंवा कणाला बाहेरून बिलगलेलं काहीही, आतल्या रचनेवर किती हुकूम चालवतं हे २००३ साली बर्कलीतल्या जिलियन बॅनफील्ड यांच्या गटाने दाखवलं. तीन नॅनोमीटरचे, सुमारे सातशे अणूंचे झिंक सल्फाइडचे कण त्यांनी मिथेनॉलमध्ये बनवले. आतली मांडणी बरीच पिळवटलेली होती. मग त्यात पाणी मिसळलं. भट्टी नाही, दाब नाही, खोलीचंच तापमान. पाण्याचे रेणू पृष्ठभागाला बिलगले आणि कण गाभ्यापर्यंत सावरला. पिळवटलेले अणू सरळ होऊन मोठ्या स्फटिकातल्या मांडणीजवळ आले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने ३.४ नॅनोमीटरच्या कणांचे अंतरांचे आलेख छापले. कणाचा व्यास ३.४, पण शिखरं दोन नॅनोमीटरच्या आसपासच विरून गेली होती. अणू तिथे होते, पण कणाच्या एका टोकाच्या अणूंची शिस्त दुसऱ्या टोकापर्यंत पोचत नव्हती. आतल्या या ताणामुळे तो कण मोठ्या स्फटिकापेक्षा अधिक ताठही झाला होता.

म्हणजे मिठाच्या खड्याबाबत जो प्रश्न कुणी विचारणार नाही, तो इथे पहिला विचारावा लागतो: हा कण कशात बसला आहे आणि त्याला काय चिकटलं आहे? पाण्यातला कण आणि मिथेनॉलमधला कण, दोघांचे अणू तेच, पण रचना वेगळी. रचना वेगळी म्हणजे त्याचा रंग, त्याची उत्प्रेरक शक्ती, त्याचं आयुष्य वेगळं. हा प्रश्न सोडवायला पावडर विवर्तनाइतकं योग्य दुसरं साधन मला दिसत नाही, कारण प्रखर क्ष-किरण काचेच्या नळीतून, द्रवातून, तापत्या भांड्यातून आरपार जातात आणि कण जिथे आहे तिथेच, जसा आहे तसाच मोजतात. डेन्मार्कमधल्या ऑर्हस विद्यापीठात बो इव्हर्सन यांच्या गटाने २०१२ मध्ये गरम, दाबाखालच्या पाण्यात टिन ऑक्साइडचे कण जन्मताना असेच मोजले. थोड्या थोड्या वेळाने एक आलेख. सुरुवातीला विरघळलेल्या रेणूंची दोन-तीन आखूड अंतरं, मग नवी शिखरं, मग ती दूरदूर पसरत जाणारी. ओळीने लावले की अणू आपापल्या जागी कसे पोचले त्याचा वृत्तान्तच वाचायला मिळतो. शेररना स्फटिक घडून गेल्यावर त्याची रचना कळत होती. आज ती घडत असताना कळते, आणि म्हणून हवी तशी घडवण्याचा विचार करता येतो.